इन्स्पेक्टरकाकांची पाच मिनिटं

देव माणसाला एकांतात भेटतो, असं थोर लोकांनी सांगून ठेवलं आहे. कोणाला तो डोंगरावर भेटला, कोणाला रानात, कोणाला समुद्रकाठी. आमच्या चर्चच्या मंडळीला मात्र तो वीसेक वर्षं सातपूरच्या एका कारखान्यातल्या रिवर्कच्या ट्रेमध्ये भेटत आला, आणि तोही दर रविवारी सव्वानऊच्या सुमारास, पहिलं गीत संपल्यावर.

ही भेट घडवून आणायचे इन्स्पेक्टरकाका. इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातले नव्हेत. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. तयार माल मापायचा आणि त्याला तीनपैकी एक टॅग बांधायचा, हे त्यांचं काम. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे रिवर्क, दुरुस्त करून पुन्हा मापायचा, लाल म्हणजे रिजेक्ट. निवृत्त होईपर्यंत त्यांना जगातली प्रत्येक वस्तू टॅग बांधण्याजोगी दिसू लागली होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नुकताच लागलो होतो तेव्हा त्यांनी चर्चच्या दारात मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काय करता म्हणून विचारलं. मी म्हटलं, ग्रंथपाल आहे. "म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळता," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून मला प्रोफेसर म्हणू लागले. त्यात आदर किती होता हे मी मोजायला गेलो नाही. मोजमाप हे त्यांचं खातं होतं.

आमच्याकडे मुख्य संदेश पाळकसाहेब देतात. त्याआधी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसानं रोजच्या जगण्यातली एखादी साधी गोष्ट सांगून तिच्यातून बोध द्यायचा, अशी पद्धत आहे. त्याला आम्ही 'पाच मिनिटं' म्हणतो. पूर्वी हे काम वडील मंडळी आळीपाळीनं करत. मग काकांची पाळी आली आणि ती संपलीच नाही. मी मागच्या बाकावर घड्याळ लावून बसायचो. त्यांचा सर्वांत छोटा बोध अकरा मिनिटांचा भरला, आणि त्या दिवशी माईक बंद पडला होता.

त्यांचा आवडता विषय रिवर्क. माप चुकलेला नग कामगार लगेच भंगारात टाकायला निघतो, तेव्हा इन्स्पेक्टरनं त्याचा हात धरायचा असतो, असं ते सांगत. "देवाकडे लाल टॅगचं बंडल आहे. नाही असं मी म्हणत नाही. पण त्याचं सील अजून फोडलेलं नाही." हे ऐकून मागच्या बाकावर मी अस्वस्थ व्हायचो. देवाच्या न्यायावरचे पाचसहा जाडजूड ग्रंथ मी वाचले होते, आणि ते लिहिणाऱ्यांना हे मान्य झालं नसतं. एकदा उपासनेनंतर तसं मी काकांना सांगितलंही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या लेखकांपैकी कोणी कधी दुसऱ्या पाळीला काम केलं होतं का, एवढंच विचारलं.

कृपा म्हणजे काय, हा प्रश्न सोडवताना पुष्कळ विद्वानांची हयात गेली. काकांनी तो एका रविवारी मिसळीवर सोडवला. तर्री संपली की वाटी पुढे करायची. वाढणारा तुम्ही कोण, कुठले, आधी किती वेळा घेतली, हे विचारत नाही आणि तिचे वेगळे पैसेही लावत नाही. "पण वाटी पुढे करावी लागते," काका म्हणाले. "काही लोक कोरडा पाव खात बसतात, आणि हॉटेल वाईट आहे म्हणतात." बोध अचूक होता. त्याचा परिणाम मात्र असा झाला की, आशीर्वादाच्या वेळी पाळकसाहेबांनी हात वर केले तेव्हा निम्मी मंडळी वाटी पुढे करायला निघून गेली होती. त्यात मीही होतो. शास्त्राचा अर्थ प्रत्यक्ष पडताळून पाहावा, असं माझं मत आहे.

मंडळीचं मासिकपत्र मी काढतो. त्यात दर महिन्याला माझा एक विचारप्रवर्तक लेख असतो. प्रवर्तक हा शब्द माझा. एकदा छापखान्यात त्या लेखाची दोन पानं उलटसुलट लागली आणि तसाच अंक घरोघरी गेला. कोणाच्याही लक्षात आलं नाही. उलट एका वाचकानं, या वेळी विचार अधिक सलग वाटला, असं कळवलं. काकांचं मिसळीवरचं बोलणं मात्र लोकांना तोंडपाठ होतं. तेव्हा काकांविषयी माझ्या मनात जे काही होतं त्याला मी चिकित्सक वृत्ती म्हणत असे. घरात त्याला दुसरं नाव होतं.

तरी मी त्यांच्या मागे मागे असायचो. त्यांची स्कूटर जुनी होती आणि ती बंद पडण्याची जागा ठरलेली होती, शरणपूर रोडवरचा सिग्नल. मी ढकलायचो आणि काका हँडल धरून, चोक न ओढता प्रार्थना करणाऱ्या माणसाविषयी सांगायचे. एकदा मी धापा टाकत विचारलं, काका, ढकलणाऱ्याविषयी काही बोध आहे का? ते म्हणाले, "आहे. त्यानं बोलू नये, दम जातो."

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं, आणि गळ्याला खाली एक भोक ठेवलं. त्यातून ते श्वास घेऊ लागले. जीव वाचला, पण आवाज गेला.

दोन महिन्यांनी काकू ग्रंथालयात आल्या. पुस्तकांच्या रांगांमध्ये त्या कधी आल्या नव्हत्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि पदरानं टेबलावरची धूळ पुसली. टेबल माझं होतं. "ते भांडत नाहीत, प्रोफेसर," त्या म्हणाल्या. "पाटीवर लिहून भांडायचं म्हणजे लिहीपर्यंत राग निघून जातो. भाजीत मीठ कमी पडलं तरी त्यातून काहीतरी काढायचे. आता नुसतं जेवतात." रविवारी तर ते डोकं दुखतं म्हणून पडूनच राहायचे. पाच मिनिटांत आता आपलं काय काम, असं त्यांनी पाटीवर लिहिलं होतं.

पाळकसाहेबांनाही तसंच वाटत होतं, जरा वेगळ्या कारणानं. चर्चमध्ये गीतांचे शब्द दाखवणारा नवा पडदा आला होता, तरुण मंडळींनी गिटार आणली होती, आणि त्यांना वेळ हवा होता. मी भेटलो तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितलं: यापुढे दर रविवारी कोणी उभं राहत असेल तर पाच मिनिटं ठेवू. एक रविवार चुकला की ती गीतांना. काकूंना आणि मला एवढं कळत होतं की ती पाच मिनिटं गेली, तर काका त्या पलंगावरून उठणार नाहीत. बोध ते लिहितील, पण वाचायचं कोणी? काकूंनी मला निवडलं. "तुमचा आवाज मोठा आहे," त्या म्हणाल्या. माझ्या आवाजाची ही मी ऐकलेली पहिली स्तुती. विचारांची अजून यायची आहे.

पहिल्या रविवारी काका गळ्याला पांढरं फडकं बांधून सगळ्यांत पुढच्या बाकावर बसले. हातात कारखान्यातली सहा इंची स्टीलची पट्टी. त्यांनी खिशातून एक पिवळा टॅग काढून मला दिला. निवृत्त होताना त्यांनी त्या टॅगचं एक बंडल घरी आणलं होतं, त्यावरच आता ते लिहायचे. मी वाचलं: "श्वास आता नाकातून घेत नाही, गळ्यातून घेतो. रस्ता बदलला. हवा तीच आहे."

एकदोघींनी पदर डोळ्यांना लावला. त्या वेळी खाली बसायला हवं होतं, हे मला आज कळतं. पण मला वाटलं, एवढ्यावर कसं भागेल? म्हणून मी श्वास या शब्दाला निरनिराळ्या भाषांत काय म्हणतात आणि त्या सर्वांचा आत्म्याशी कसा संबंध आहे, हे सांगायला घेतलं. तिसऱ्या भाषेला पुढच्या बाकावर टक् असा आवाज झाला. काकांनी पट्टी लाकडावर आपटली होती. चौथ्या भाषेला दोनदा टक् टक्. मी बसलो. पुढे तोच नियम झाला. एक टक् म्हणजे मूळ मजकुरावर या, दोन म्हणजे बसा. मंडळीला हा नियम माझ्या आधी कळला.

असे सहा महिने गेले. एकही रविवार चुकला नाही. एका टॅगवर होतं: "पाटीवर लिहून बोलतो. निम्मं बोलणं लिहायच्या आधीच नको वाटतं. हे तरुणपणी कळलं असतं तर घरी बरं झालं असतं." त्यावर काकू सगळ्यांच्या आधी हसल्या, मग चर्च हसलं, आणि काकांचे खांदे कितीतरी वेळ हलत होते. आवाज नव्हता. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी पाटीच्या दोन्ही बाजू भरून काकूंशी भांडण केलं, असं काकूंनी मला आनंदानं सांगितलं.

आणि मग हंगामाचा सण आला. आमच्याकडे तो द्राक्षं आल्यावर धरतात. ज्याच्या शेतात, परसात जे पिकतं ते तो देवाचं म्हणून चर्चमध्ये आणतो. कांदे, भोपळे, उसाच्या मोळ्या, पाय बांधलेली एखादी कोंबडी, आणि सगळ्यांच्या पुढे द्राक्षांचे क्रेट. बाहेरगावचे पाहुणे येतात. त्या दिवशीच्या टॅगवर काकांनी एवढंच लिहिलं होतं: "दाविदला छाटणीचं विचार. तू बोलू नकोस."

दाविदमामा दिंडोरीकडचे. सहा एकर द्राक्षबाग, आणि चर्चमध्ये तोंड उघडायचं ते फक्त गीताला. मी तो टॅग चार दिवस आधी मागून घेतला होता. मला तो अपुरा वाटला. एवढा मोठा सण, पाहुणे, आणि शास्त्रातला तो प्रसिद्ध वेलीचा आणि फांद्यांचा दृष्टांत, ज्यात माळी म्हणजे देव. तिथे नुसत्या सूचनेवर कसं भागणार? मी पाच ग्रंथ काढले, टिपणं केली, आणि टॅग खिशात ठेवून उभा राहिलो.

मी चांगला बोललो. हे मला त्या वेळी वाटत होतं. मी सांगितलं की माळी हा किती हळुवार असतो पाहा. तो बागेतून फिरतो, फळ न देणारी फांदी नेमकी हेरतो आणि तेवढीच काढतो. फळ देणाऱ्या फांदीला तो धक्काही लावत नाही. हे सांगताना मी हवेत कात्रीही चालवून दाखवली. काकांनी पट्टी आपटली नाही. ते मान वळवून तिसऱ्या बाकाकडे बघत होते. तिथे दिंडोरीकडची मंडळी बसली होती आणि त्यातल्या कोणाचीही नजर माझ्याकडे नव्हती. सगळे आपापल्या पायाकडे बघत होते. काकांनी पट्टी उचलली आणि दाविदमामांकडे रोखली. नाइलाजानं ते उठले.

"प्रोफेसर, तुमी एप्रिलात बाग पाह्यली का कधी?"

मी म्हटलं, फेब्रुवारीत पाहिली आहे.

"फेब्रुवारीत समदेच पाह्यतात," दाविदमामा म्हणाले. "माल असतो तवा."

इतकं हसू त्या चर्चमध्ये नाताळलाही झालं नसेल. मामांना ते आवडलं नाही. ते खालमानेनं, क्रेटकडे बघत बोलले. एप्रिलमध्ये खरड छाटणी असते, त्यांनी सांगितलं. तेव्हा निवडत बसत नाहीत. सगळंच छाटतात. ज्या काडीनं क्रेट भरून माल दिला तीही. फुटव्यासाठी एखादा डोळा ठेवायचा आणि बाकी सगळं खाली.

"बाग निस्ती बोडकी दिसती. रस्त्यानं जानाऱ्याला वाटतं, याला येड लागलं. पन तवाच पानी लय द्यावं लागतं. माल लागल्यावर देत नाय तेवढं. झाडाला एक पान नाय, वरून ऊन, अन् आमी पानी सोडत बसतो. झाडाला वाटत आसंल, मला तोडून टाकलं. पन पानी तर येतंय ना खालून."

एवढं बोलून ते बसले. त्यात बोध असा काही त्यांनी सांगितला नाही. त्यांना वाटलं, आपण फक्त माझी चूक दुरुस्त केली. काका पट्टी मांडीवर ठेवून, गळ्यावरचं फडकं हातानं धरून बसले होते. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी अजून उभाच होतो. मला कोणी बसायला सांगितलं नव्हतं, पण माझ्याकडे आता कोणाचं लक्षही नव्हतं.

बाहेर चहाच्या वेळी काका आले आणि त्यांनी माझ्या कोटाच्या बटणाला एक पिवळा टॅग बांधला. दोरा ओढून, गाठ मारून, नग पुढच्या खात्यात पाठवतात तसा. रिवर्क. मग ते दाविदमामांचा हात धरून उभे राहिले, मामांचा चहा गार होईपर्यंत. मी तो टॅग घरी जाईपर्यंत काढला नाही. नम्रता म्हणून नाही, गाठ पक्की होती.

एप्रिलमध्ये काकांनी बाग बघायची असं ठरवलं. तोवर त्यांच्या मानेवर पुन्हा गाठी आल्या होत्या आणि पुढचं सगळ्यांना कळलं होतं. दाविदमामांनी गाडी पाठवली. छाटून झालेल्या रांगांमध्ये आम्ही उभे राहिलो. तारांवर नुसते काळे खुंट, आणि खाली ठिबकच्या नळीतून पाणी टपटपत होतं. काकांनी वाकून ओली माती चिमटीत घेतली, बोटांवर चोळली. मी बराच वेळ काही बोललो नाही. काकांनी काळजीनं माझ्याकडे पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, "बरं वाटत नाही का?"

ती पाच मिनिटं आजही आहेत. गिटारवाल्यांनी आपली गीतं उपासनेच्या शेवटी घेतली. पुढच्या बाकावर आता एक यादी लावलेली असते. एका रविवारी दाविदमामा उभे राहतात आणि फवारणीविषयी सांगतात, एका रविवारी एक नर्स सलाइनविषयी, एका रविवारी काकू. काकू नवऱ्याविषयी सांगतात आणि वेळ पाळतात. माझं नाव यादीत नाही. पाळकसाहेबांना विचारलं की ते प्रेमानं, पावसाळ्यानंतर बघू म्हणतात. असे दोन पावसाळे झाले. त्याला कारण आहे, आणि तेही मीच सांगायला हवं.

काका मे महिन्यात गेले. दफनाच्या दिवशी सकाळी काकूंनी मला एक बंद पाकीट दिलं. काकांनी ते शेवटच्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं. कबरीपाशी वाचायचं, आधी उघडायचं नाही, असं त्यांनी पाटीवर दोनदा लिहून बजावलं होतं. मी उघडलं नाही. एवढं तरी मी शिकलो होतो. पण एवढ्या मोठ्या माणसाचे शेवटचे शब्द, ते थेट कसे वाचायचे? ऐकणाऱ्यांची मनं आधी तयार करायला नकोत का? म्हणून मी थोडी प्रस्तावना केली. कबरस्तानात सावली फक्त भिंतीकडे होती आणि आम्ही मधोमध उभे होतो. मी रिवर्कविषयी बोललो, मिसळीविषयी बोललो. खरड छाटणीविषयी तर या वेळी अगदी बरोबर बोललो. दाविदमामांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. म्हणून तोच मुद्दा मी आणखी थोडा वाढवला. पट्टी आपटायला कोणी नव्हतं. मग मी पाकीट फोडलं. आत वहीचा एक कागद होता. तो मी माझ्या मोठ्या आवाजात, सावकाश, प्रत्येक शब्दानंतर थांबत वाचला:

"प्रोफेसर, आज बोध नाही. ऊन असेल. लोकांना लगेच घरी सोड."

तेव्हा मला बोलायला लागून अडतीस मिनिटं झाली होती, आणि दोन मावश्यांना चक्कर आल्यामुळे भिंतीपाशी नेऊन बसवलं होतं.